पोकळी आणि कातळ : शिल्पाच्या छायाचित्रणातील एक नैतिक प्रश्न

शिल्पाचे छायाचित्र हे त्या शिल्पाचे एक वाचन असते, हे मान्य केले की पुढचा प्रश्न अटळ ठरतो : अनेक कोनांतून घेतलेली छायाचित्रे एकत्र मांडली, तर संपूर्ण शिल्प हाती येते काय? प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो; मुळात तो ज्ञानविषयक आणि अखेरीस नैतिक आहे.

वेरूळच्या कैलास मंदिरातील, आठव्या शतकातील रावणानुग्रहाचे शिल्प पाहावे. समोरून घेतलेल्या छायाचित्रात शिव-पार्वती ठळक दिसतात. खालचा रावण अंधारात बुडतो. कॅमेरा बाजूला सरकला की ध्यानात येते, की रावणाभोवतीचा कातळ खोलवर कोरून काढला आहे आणि त्याचे अनेक बाहू त्या पोकळीत पसरले आहेत. पर्वताचा भार जितका उरलेल्या दगडातून, तितकाच काढून टाकलेल्या दगडातून जाणवतो. येथे पोकळी ही आकृतीची पार्श्वभूमी नव्हे. ती आकृतीचाच घटक आहे. म्हणून 'सर्वच कोन सारखे' हा सोयीस्कर सापेक्षतावाद येथे टिकत नाही. दुसरा कोन पहिल्यात केवळ भर घालीत नाही, तो त्याला दुरुस्त करतो. उलट, प्रखर कृत्रिम प्रकाश टाकून तोच अंधार पुसून टाकला, तर तपशील वाढतात, पण खोली नाहीशी होते. अधिक दिसणे म्हणजे अधिक कळणे नव्हे.

घारापुरीचा सदाशिव मात्र वेगळाच पेच उभा करतो. स्वतः शिल्पकार असलेल्या कार्मेल बर्कसन यांची तेथील छायाचित्रे १९८३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या मूर्तीसमोर डावीकडे सरकावे तो अघोराची उग्रता, उजवीकडे सरकावे तो वामदेवाचे स्त्रीसदृश मार्दव, मध्ये तत्पुरुषाची शांती. शैव संकल्पनेप्रमाणे मुखे पाच. परंतु मागचे आणि वरचे कोरलेले नाही. मागे अखंड कातळ आहे. तेथे प्रदक्षिणा थांबते आणि कोणतेही भिंग पलीकडे जाऊ शकत नाही. ही उणीव नव्हे. अव्यक्ताला अव्यक्तच ठेवण्याचा तो शिल्पगत निर्णय आहे, असे म्हणता येईल.

साहित्यसमीक्षेत आपण संरचनावादी, समाजशास्त्रीय, मनोविश्लेषणात्मक असे दृष्टिकोन शेजारी-शेजारी मांडतो आणि त्यांच्या बेरजेला संहितेचे पूर्ण आकलन समजतो. कसोटी लागते ती मौनापाशी. दलित आत्मकथनांतील काही मौने रावणाभोवतीच्या पोकळीसारखी असतात : ती वाचली नाहीत तर भार कोणावर होता हेच कळत नाही. काही मौने सदाशिवामागच्या कातळासारखी असतात : निवेदकाने तेथे स्वतःला राखून ठेवलेले असते. पहिल्यांकडे दुर्लक्ष करणे हा अन्याय आहे. दुसरी आपल्या सिद्धान्ताने भरून काढणे हे आक्रमण आहे.

या दोहोंतील भेद सांगणारे सूत्र उपलब्ध नाही. तो प्रत्येक कृतीपाशी, कोन बदलून बदलून, नव्याने ठरवावा लागतो. अनेक कोनांचे मोल म्हणूनच संपूर्णतेच्या आश्वासनात नाही. कुठवर जायचे आणि कुठे थांबायचे, हा विवेक त्यांतून घडतो, यात ते आहे.