शिक्षकाच्या नावे बाकी

उत्तरपत्रिका तपासून होतात, हजेरीपत्रकांतील रकान्यांची बेरीज जुळते आणि 1 मे रोजी ध्वजवंदनानंतर निकालपत्रके हाती पडली की सातारा-सांगलीकडील शाळांचे वर्ष संपते. या प्रसंगी विद्यार्थ्यांनी गुरुजनांविषयी कृतज्ञता व्यक्त करावी, हा शिष्टसंमत प्रघात आहे. परंतु शिक्षकानेही त्याच दिवशी विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या समाजाचे ऋण उघडपणे मान्य करावे, असा प्रघात मात्र आपल्याकडे पडलेला नाही, आणि तो पडला पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

या मताला आधार याच भूमीच्या इतिहासात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह चालविण्यास आरंभ केला, तेव्हा जातिभेद विसरून एका पंक्तीस बसणाऱ्या त्या मुलांच्या ताटात पडलेले अन्न घरोघरच्या गृहिणींनी बाजूला काढून ठेवलेल्या मूठमूठ धान्याचे होते. आणि कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील, त्यांच्यासाठी मोडले. पुढे 1935 साली खेड्यांसाठी शिक्षक घडविणारे विद्यालयही याच संस्थेने साताऱ्यास काढले. ज्या परंपरेत शिक्षकाची विद्या इतरांच्या उपासावर उभी राहिली, त्या परंपरेतील शिक्षकाने स्वतःस केवळ दाता समजावे, हे इतिहासाचे विस्मरण होय.

दुसरे उदाहरण याहून अंतर्मुख करणारे आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या दप्तरी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. ज्या मुलास अस्पृश्य म्हणून वर्गात वेगळे बसावे लागले, त्याच्याच प्रवेशाचा दिवस आज महाराष्ट्र विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो, आणि त्या शाळेची कीर्तीही त्या एका नोंदीमुळे सर्वदूर पसरली आहे. शाळेने ज्यास अत्यल्प दिले, त्याने तिला अपरिमित दिले. तेव्हा आपल्यासमोर बसलेल्या मुलांपैकी आपण कोणाचे ऋणी ठरणार आहोत, हे कोणत्याही शिक्षकास आधी सांगता येत नाही.

शिक्षकास वेतन मिळते, मग हे ऋण कसले, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु वेतन हा त्याच्या श्रमांचा मोबदला आहे. आईबापांनी वर्षभर आपले मूल ज्या निःशंक विश्वासाने त्याच्या हवाली केले, त्या विश्वासाची किंमत कोणत्याही पगारपत्रकात लिहिलेली नसते. न समजलेले पुनःपुन्हा विचारणारा विद्यार्थी शिक्षकाच्याच ज्ञानातील पोकळ जागा त्याला दाखवून देतो, हाही लाभ लहान नव्हे. अशा स्वीकृतीने शिक्षकाचा अधिकार कमी होईल, ही भीतीही निराधार आहे, कारण ऋण मानणे आणि खुशामत करणे यांतील भेद मुलांना प्रौढांइतकाच उमगतो.

तथापि शब्दांवर थांबणारी कृतज्ञता अपुरी आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या फडावर आईबापांबरोबर आलेले मूल, मेंढरांमागे माण, आटपाडी वा जतचा मुलूख सोडून गेलेले मूल, यांची नावे हजेरीपत्रकात पुष्कळदा केवळ गैरहजेरीच्या खुणांनी ओळखली जातात. मूठभर धान्य देणाऱ्या त्या मातांचे ऋण आज फेडावयाचे असेल, तर ते या मुलांच्या पायरीशी जाऊनच फेडावे लागेल. म्हणून माझी सर्व शिक्षकबंधुभगिनींना विनंती आहे की, निकालाच्या दिवशी आपल्या वर्गाचे आभार मानावेत आणि ज्यांना ते आभार ऐकण्यास वर्गात येता आले नाही, त्या मुलांची यादी स्वतःच्या हाताने करून, जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी त्यांच्या घरी जावे.