भरताचं हरीण आणि आपला पहिला पोपट



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, पाचवा स्कंध, आठवा अध्याय. जोडीला ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त.

भागवतातली कथा आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलेली आहे. राजा भरत राज्य मुलांना देऊन गंडकीच्या काठी पुलहाश्रमात येतो. एके दिवशी एक गाभण हरिणी पाणी प्यायला येते, तेवढ्यात सिंहाची गर्जना होते. ती घाबरून उडी मारते, पाडस प्रवाहात पडतं आणि हरिणी मरते. भरत ते वाहतं पाडस उचलून आश्रमात आणतो. मग त्याला गवत घालणं, खांद्यावर घेणं, ते दिसलं नाही की कासावीस होणं, असं होत होत स्नान-संध्या-पूजा सगळं मागे पडतं. शेवटच्या क्षणीही मनात हरीणच असतं आणि पुढचा जन्म हरणाचा मिळतो.

या कथेवर प्रवचन ऐकलं की बहुतेक वेळा एकच तात्पर्य हाती येतं : आसक्ती वाईट. ते खरंच आहे. पण या आठवड्यात माझ्या मामेभावाचा एक मेसेज आला आणि मी हा अध्याय पुन्हा उघडला. तो हिंजवडीत नोकरी करतो, टू बीएचकेमध्ये आईसोबत राहतो. मेसेज असा : "दादा, पहिल्यांदाच पोपट पाळायचा विचार आहे. नवशिक्याला कोणता बरा पडेल? बोलणारा हवा. आईला सकाळी राम राम म्हणेल असा."

प्रश्न साधा वाटतो, पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दामागे एक नैतिक प्रश्न आहे. "कोणता", "बरा", "बोलणारा", सगळेच.

आधी "कोणता" पाहू.

आपल्या डोळ्यांसमोर पोपट म्हटलं की हिरवा, लाल चोचीचा, गळ्याला कंठ असलेला राघू येतो. किंवा त्याहून मोठा, पंखावर लाल डाग असलेला पहाडी पोपट. हे दोन्ही आपले देशी पक्षी आहेत आणि दोन्ही पाळायला मनाई आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. "आमच्या आजीकडे होता की" हे उत्तर चालत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न संपत नाही, कारण हा पोपट पिंजऱ्यात कसा येतो ते बघायला हवं.

माझं गाव लोणखेडा, शहाद्याला लागून. उत्तरेला सातपुडा, खाली गोमाईचं खोरं. केळी, पपई, ऊस, मिरची, थोडी दादर ज्वारी. आमच्याकडे पोपट म्हणजे लाडाचा पक्षी नाही, कणसावर उतरणारा थवा आहे. दादर भरली की आजोबा मचाणावर बसून गोफण फिरवायचे, डबा वाजवायचे. मिरचीसुद्धा पोपट सोडत नाहीत, कारण आपल्याला जी आग होते ती पक्ष्यांना जाणवतच नाही. पण दिवसभर हाकललेल्या त्याच थव्याबद्दल संध्याकाळी आजोबा म्हणायचे, "पाखरूबी पोटकरताच येस." भांडण होतं, पण बरोबरीचं. त्यांच्या अंगणात पिंजरा कधी नव्हता.

पोपट स्वतः घरटं बांधत नाही. जुन्या झाडाची ढोली शोधतो आणि तिथे मादी अंडी घालते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्लं असतात. ती ढोलीतून काढली जातात, कधी त्यासाठी फांदीच तोडली जाते, म्हणजे पुढच्या वर्षीची ढोलीही गेली. मग पिशव्यांतून, टोपल्यांतून शहरात येतात. वाटेत काही मरतात. जे उरतं, डोळे बारीक करून थरथरत असतं, ते बघून आपल्याला दया येते आणि आपण पैसे काढतो.

इथे मला भरताचं हरीण आठवलं. भरताने पाडस निवडलं नव्हतं. ते वाहत त्याच्यापुढे आलं. त्याची आई आधीच मेली होती, आणि ती भरताच्या इच्छेमुळे मेली नव्हती. ते उचललं नसतं तर बुडालं असतं. बाजारातल्या पिल्लाचं तसं नाही. ते आपल्यासाठी अनाथ केलं गेलंय. आपली दया ही त्या साखळीच्या शेवटी उभी नाही, सुरुवातीला उभी आहे. आज आपण दिलेले पैसे म्हणजे पुढच्या ढोलीची आगाऊ रक्कम.

म्हणून "मी तर वाचवायला घेतोय" या वाक्याकडे जरा सावधपणे बघावं. पक्षी विकत घेऊन सोडून देण्याच्या पुण्यालाही हेच लागू आहे. सोडणारा गिऱ्हाईक हासुद्धा गिऱ्हाईकच.

आता परदेशी पोपट. इथे चित्र वेगळं आहे, आणि वेगळं आहे हे मान्य करायला हवं.

दुकानात "लव्हबर्ड" म्हणून जे छोटे निळे-पिवळे पक्षी मिळतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतात. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तिथे ते हिरवे-पिवळे असतात आणि मोठ्या थव्यांनी फिरतात. १८४० मध्ये जॉन गूल्ड या निसर्गअभ्यासकाने जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या ते पिंजऱ्यातच जन्मतायत. निळा, पांढरा हे रंग पिंजऱ्यातच निपजले. कॉकाटीलही ऑस्ट्रेलियाचाच, डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका. स्वभावाने मऊ. हे पक्षी पुण्यात खिडकीतून सोडून दिले तर ते स्वातंत्र्य नाही. त्यांना इथे अन्न शोधता येत नाही, कावळे-घारी ओळखता येत नाहीत. त्यांना घर लागतंच. प्रश्न एवढाच की ते घर कसं आहे.

आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा हे तिसऱ्या गटात. आफ्रिकन ग्रे सगळ्यात चांगला बोलतो, आणि म्हणूनच त्याचं जंगलातलं हरण इतकं झालं की २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत टाकावं लागलं. आपल्याकडेही अशा यादीतल्या परदेशी प्राण्या-पक्ष्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, २०२४ चे नियम आहेत. बजरीगर आणि कॉकाटील त्या आंतरराष्ट्रीय यादीत नाहीत. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो. पस्तिसाव्या वर्षी आणला तर आपण रिटायर झाल्यावरही तो असेल, आणि कदाचित आपल्या नंतरही. पहिल्या पक्ष्यासाठी एवढं मोठं वचन देऊ नये.

आता "बोलणारा". मला वाटतं खरी गाठ इथेच आहे.

पोपट का बोलतो? तो थव्याचा प्राणी आहे. जंगलात एकमेकांना सतत हाक मारत राहणं म्हणजे "मी इथे आहे, तू कुठे आहेस?" हे विचारत राहणं. घरात आला की घरातली माणसं हाच त्याचा थवा. मग तो थव्याची बोली शिकतो. आता गंमत बघा. दोन बजरीगर एकत्र ठेवले की ते एकमेकांशी त्यांच्या भाषेत बोलतात, आपली भाषा शिकायची त्यांना फारशी गरज उरत नाही. एकटा ठेवला तर शिकण्याची शक्यता वाढते. म्हणजे "बोलणारा पोपट हवा" याचा अर्थ पुष्कळदा "एकटा पोपट हवा" असा होतो. आणि आपण दोघेही सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला परतणारी माणसं. तो अकरा तास ज्या थव्याला हाका मारणार, तो थवा ऑफिसात असतो. असे एकटे पडलेले पोपट स्वतःची पिसं उपटतात, हे पक्ष्यांच्या डॉक्टरांना नेहमी दिसणारं दुखणं आहे.

कोणी म्हणेल, पण त्याच्या तोंडी रामनाम तर येईल! गणिकेची कथा आहेच : पोपटाला नाम शिकवता शिकवता ती तरली. मला ती कथा फार आवडते. पण नीट बघा, तरली कोण? शिकवताना जिच्या तोंडी वारंवार नाम आलं ती. पोपटाचा पिंजरा हा त्या कथेतला साधनेचा भाग नाही. नाम घ्यायला आपल्याला तोंड दिलेलं आहे. आईला सकाळी कोणी राम राम म्हणावं असं वाटत असेल, तर मामेभावाने स्वतः म्हणावं. हे मी त्याला लिहिलं. तो हसला, पण उत्तर टाळलं नाही. "दादा, मी साडेनऊला उठतो" म्हणाला.

याच्या विरुद्ध बाजूचं म्हणणंही मला पटतं, ते दडवणार नाही. एकटी आई, बंद फ्लॅट, मुलगा लॅपटॉपमध्ये. घरात एक जिवंत जीव असणं, त्याला वेळेवर खायला घालणं, त्याच्यासाठी पंखा बंद करायची आठवण ठेवणं, यातून माणूस मऊ होतो. भागवतात भरताच्या करुणेला नावं ठेवलेली मला दिसत नाहीत. पाडस बुडू द्यायला हवं होतं असं तिथे कुणी म्हणत नाही. चूक झाली ती नंतर. "याला माझी गरज आहे" इथून सुरुवात झाली आणि नकळत "मला याची गरज आहे" इथे मुक्काम पडला. दोन्ही वाक्यं एकाच प्रेमाची वाटतात, पण पहिल्यात हरीण मध्यभागी आहे आणि दुसऱ्यात मी.

मग निकष हाच. पक्षी निवडताना मध्यभागी कोण आहे?

पक्षी मध्यभागी असेल तर रिक्वायरमेंटची यादीच बदलते. रंग आणि बोलणं खाली जातं. वर येतं ते असं. मी किती वर्षं देऊ शकतो? बजरीगर पाच ते दहा वर्षं, कॉकाटील पंधरा-वीस. लग्न, बदली, ऑनसाइट, बाळ, हे सगळं त्या वर्षांत येणार. पिंजरा गोल आणि उंच नको, आडवा आणि रुंद हवा, कारण पक्षी आडवा उडतो. रोज दोनेक तास बाहेर, आणि तेव्हा सीलिंग फॅन बंद, खिडक्या बंद. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता, म्हणजे हॉलमधल्या टीव्हीशेजारी जागा नाही. नुसतं धान्य नाही, पालेभाजीही. ॲव्होकाडो, चॉकलेट, कांदा अजिबात नाही. नॉनस्टिकचा तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, म्हणजे स्वयंपाकघरही बदलणार. दिवाळीच्या फटाक्यांत कोणीतरी जवळ हवं. आणि गावात पक्ष्यांचं समजणारा डॉक्टर आहे का, हे पक्षी आणायच्या आधी शोधायचं.

एवढं करायची तयारी असेल, तर नवशिक्यासाठी माझं उत्तर : बजरीगरची जोडी, किंवा घरात दिवसभर कोणी असेल तर कॉकाटील. तोही शक्यतो दुकानातून नाही. बदलीमुळे, बाळामुळे, कंटाळ्यामुळे लोक पक्षी देऊन टाकत असतात. असा एखादा घर सुटलेला पक्षी घ्यावा. तो वाहत आलेल्या पाडसाच्या जास्त जवळचा आहे. आणि तयारी नसेल तर काहीच आणू नये. हेही पक्ष्यावरचं प्रेमच.

कोणाच्या घरी आधीच देशी पोपट असेल तर घाबरून गच्चीवरून उडवून देऊ नका. माणसाच्या हातावर वाढलेला पक्षी बाहेर तगत नाही. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे करा.

शेवटी माउलींचा दृष्टान्त. पोपट पकडायला फिरती नळी बांधतात. पोपट तिच्यावर बसला की त्याच्याच वजनाने ती फिरते आणि तो उलटा लटकतो. पंख मोकळे असतात, पायाला दोरी नसते. तरी पडेन या भीतीने तो नळी घट्ट धरतो आणि समजतो की नळीनेच आपल्याला धरलंय. आपण या दृष्टान्तात नेहमी स्वतःला पोपट म्हणून वाचतो, आणि तसंच वाचायचं असतं. पण पोपट घ्यायला निघालेल्या माणसाने त्यातला पोपट एकदा खराखुरा पोपट म्हणूनही वाचावा. त्या नळीवर दोन जीव लटकलेले दिसतील. एकाला आपण धरून ठेवलंय, आणि दुसरा "मला याच्याशिवाय करमत नाही" म्हणत स्वतःच धरून बसलाय. दुसऱ्याची मूठ सुटली की पहिल्याची सुटका बरीच सोपी होते.

आजचा संकल्प : आज दिवसभरात "मला हवंय" असं जिथे जिथे वाटेल, तिथे एकदा थांबून विचारायचं, समोरच्या जीवाला काय हवंय? आणि सकाळी उठल्यावर घरातल्या मोठ्या माणसाला आपल्याच तोंडाने राम राम म्हणायचं.

उद्या नववा अध्याय, जडभरत.

राम कृष्ण हरी.