नित्याच्या शब्दांचा अर्थविचार

शास्त्रश्रवणास बसलेला श्रोता ‘अन्यव्यावृत्ती’ किंवा ‘दार्ष्टांतिक’ असा शब्द कानी पडला म्हणजे थांबतो व त्याचा अर्थ विचारून घेतो. परंतु ‘उदास’, ‘राग’, ‘माया’ हे शब्द आले असता तो थांबत नाही. हे शब्द त्याच्या घरात नित्य वावरणारे. त्यांचा अर्थ काय पुसावयाचा, असे त्याला वाटते. शास्त्राचा अर्थ निसटतो तो बहुधा याच ठिकाणी.

यावर एक दृष्टांत असा. कोणी एक नातू आजोबांची जुनी वही वाचू लागला. तीत शेजाऱ्याचे ‘बत्तीस पैसे देणे’ असे टिपलेले होते. नातवाने शेजाऱ्याच्या वारसास बत्तीस पैसे नेऊन दिले व ऋण फिटले असे मानले. परंतु ती नोंद १ एप्रिल १९५७ च्या पूर्वीची होती. त्या दिवसापासून दशमान नाणी सुरू झाली; तोवर रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे होत असत, पुढे शंभर पैसे झाले. आजोबांचे बत्तीस पैसे म्हणजे अर्धा रुपया. नातवाने अक्षर बरोबर वाचले, आकडा बरोबर वाचला, त्याची बुद्धीही शुद्ध होती. तरी अठरा पैशांचे ऋण राहिलेच. दार्ष्टांतिक असे की, जुन्या वचनातील शब्दाला आजचे मोल लावणाऱ्याचे आचरण निष्ठेचे असूनही उणे पडते.

येथे कोणी म्हणेल, स्वामींनी ज्ञान मराठीत निरूपिले ते सामान्यांना कळावे म्हणूनच ना? मग शब्दकोशाची उठाठेव कशाला? शंका योग्य आहे. केशवराज सूरींनी संस्कृतात रचना करण्याचा मनोदय सांगितला तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी तो मानला नाही. तसे झाल्यास म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता स्मृतिस्थळात नोंदलेली आहे. परंतु त्या म्हाताऱ्यांच्या तोंडची बोली आणि ग्रंथाची भाषा तेव्हा एकच होती. लीळाचरित्राची रचना इ. स. १२७८ च्या सुमाराची. मध्ये सातशेहून अधिक वर्षे गेली. ग्रंथातील शब्द जागच्या जागी राहिले, बोलीतील शब्द मात्र चालत पुढे गेले. आजच्या म्हातारीला तेच ज्ञान द्यावयाचे तर हे अंतर कोणी तरी चालून यावे लागेल. ते न चालणे म्हणजे आचार्यांची चिंता खरी करणे होय.

प्रथम ‘उदास’ हा शब्द घ्यावा. आज उदास म्हणजे खिन्न, तोंड उतरलेला. संस्कृतात ‘उद्’ हा उपसर्ग व ‘आस्’ म्हणजे बसणे हा धातू. वादाच्या दोन्ही पक्षांपासून अलग बसलेला तो उदासीन. गीतेच्या चौदाव्या अध्यायात गुणातीत पुरुषाला उदासीनाची उपमा दिली आहे, ती याच अर्थाने. तुकोबांनी चांगल्या व्यवहाराने धन जोडावे व ते उदास विचाराने खर्चावे असे सांगितले, तेथेही रडत खर्चावे असा भाव नाही. धनात मन न गुंतविता खर्चावे असा आहे.

हा भेद न कळल्याने काय होते? एखादा उपदेशी गृहस्थ ‘साधकाने उदास असावे’ असे ऐकून घरी जातो. दुसऱ्या दिवसापासून तो पत्नीशी मोजके बोलतो, अंगणात धावत आलेल्या लेकराला उचलून घेत नाही, जेवताना गोडधोडाकडे दुःखाने पाहतो. घर कोमेजते, धर्माने आमचा माणूस नेला, असे घरची माणसे म्हणू लागतात. उलट, स्वभावाने हसतमुख असलेला दुसरा एखादा ‘हे आपल्याला साधावयाचे नाही’ म्हणून मार्गापासून दूर राहतो. एका शब्दाच्या चुकीने एकाचे घर दुखावले, दुसऱ्याचा मार्ग चुकला. विरक्तीत मुखावर खिन्नता असावी असा विधी नाही. गुंतणे नसावे एवढाच आहे.

दुसरा शब्द ‘राग’. मराठी बोलीत राग म्हणजे क्रोध. मूळ धातू ‘रञ्ज्’, म्हणजे रंगणे. ‘रंग’ शब्दही त्याचाच. मन एखाद्या विषयाच्या रंगाने माखले की तो राग. ‘अनुराग’ या शब्दात प्रीतीचा अर्थ अजून शिल्लक आहे, ‘विरक्त’ म्हणजे ज्याचा रंग उतरला तो. प्रीतीचा शब्द क्रोधाचा कसा झाला, याचा उलगडा अंतःकरणात पाहिल्यास होतो. आसक्तीतून कामना व कामनेतून क्रोध उपजतो, हा क्रम गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. शब्दही त्याच वाटेने गेलेला दिसतो. यास्तव ज्याला कधी संताप येत नाही त्याने ‘राग जिंकला’ असे मानू नये. कोणी ज्येष्ठ भिक्षू शांत मुद्रेने बसलेला असेल. परंतु आपलेच आसन, आपलीच पोथी, आपलेच शिष्य ही ओढ त्याच्या मनात असेल, तर शास्त्र ज्याला राग म्हणते तो तेथे पूर्ण नांदत आहे.

तिसरा शब्द ‘माया’. हा तर तीन घरांत राहतो. वेदांतात माया म्हणजे जगाचा भास उपजविणारी शक्ती. ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य मानले असून माया ही देवतांतील श्रेष्ठ देवता होय. आणि घरातील बोलीत माया म्हणजे आईची माया. नवे अनुसरण घेतलेला तरुण कधी कधी ही तिन्ही घरे एक करतो. दूरच्या गावाहून भेटीस आलेल्या आईच्या डोळ्यांत पाणी दिसले की ‘ही माया आहे’ असे म्हणून तो पाठ फिरवितो. आई दंडवत घालून परत जाते. त्याने तत्त्वज्ञानातला शब्द आईच्या अश्रूंवर टाकला. शास्त्राने त्याला तसे सांगितले नव्हते. संबंधाची गुंतवण सोडणे हा त्याचा विधी खराच. परंतु दोन गोड शब्द बोलून, पाणी विचारून तिला निरोप देण्याने तो विधी मोडत नाही.

मग साधकाने काय करावे? पुढे आलेला शब्द जितका ओळखीचा, तितका अधिक वेळ त्याच्यापाशी थांबावे. वचन कोणास उद्देशून, कोणत्या प्रकरणी निघाले ते पाहावे. प्रकरणावाचून सूत्राचा अर्थ लावू नये ही मार्गाची जुनीच शिस्त आहे. तो शब्द त्याच ग्रंथात अन्यत्र कसा आला ते पडताळावे. १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशासारखा कोश उघडून त्यातील एकाखाली एक दिलेले सर्व अर्थ वाचावेत. पहिला सोयीचा अर्थ सापडताच कोश मिटू नये. कोश अर्थ दाखवितो, निवड मात्र प्रकरण करते. एवढे झाल्यावर तो अर्थ सोप्या शब्दांत शेजारी बसलेल्या म्हातारीला सांगून पाहावा. तिला कळला, तर ग्रंथ आणि बोली यांमधील अंतर तेवढ्यापुरते तरी मिटले असे समजावे.