ज्युनिअरने जगायचे कशावर?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवरची माणसे उसाच्या फडावर निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको जोडीने राबतात आणि त्यातूनच एखादे पोर वकिलीला घालतात. कॉलेजची फी, खोलीभाडे, मेस कसेबसे निभते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे लाखांतले शुल्क मात्र या घराच्या हिशेबात कधी येतच नाही.

फीबद्दल आपण निदान बोलतो. वकिलीच्या सनदेसाठी राज्याराज्यांत १५ ते ४२ हजार रुपये घेतले जात होते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायद्यातल्या ७५० रुपयांवर आणले, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ वर. १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतलेल्या बाबासाहेबांनाही सनदेसाठी नवल भथेना या मित्राच्या मदतीचा हात घ्यावा लागला होता.

खरी ओढाताण सनदेनंतर सुरू होते. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, कुठल्याही कोर्टात जाऊन पाहा. ज्युनिअर वकील फाइलींचा गठ्ठा घेऊन वेळेआधी हजर असतो. पुकारा झाला की सीनिअरसाठी तारीख मागतो, नकलांचे अर्ज भरतो, संध्याकाळी ऑफिसात बसून दाव्याचा मसुदा टाइप करतो. महिनाअखेरीला हातावर पेट्रोलपुरते पैसे पडतात, तेही मर्जी असली तर. ‘शिकतोय ना अजून!’ असे वर ऐकवले जाते. शिकतो हे खरेच. पण त्याने रात्री जागून लिहिलेल्या दाव्याची फी पक्षकाराकडून पुरेपूर घेतलेली असते. हा अन्याय आहे, आणि तो न्यायालयाच्याच आवारात होतो.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. अनुभवी माणूस न्यायासनावर बसावा, हे मला पटते. पण बिनपगारी तीन वर्षे ज्याच्या घरी दाणापाणी आहे त्यालाच परवडतात. ऊसतोड मजुराच्या मुलीने काळा कोट खुंटीला टांगून तलाठी भरतीची पुस्तके उघडली, तर तिला दोष कसा द्यायचा?

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला महिना किमान रक्कम सुचवली: ग्रामीण भागात १५ हजार, शहरात २० हजार. सक्ती नाही. ज्याची स्वतःचीच वकिली अजून बसायची आहे, त्याला हे झेपणार नाही, मान्य. पण ज्यांच्या ऑफिसाबाहेर पक्षकारांची रांग असते, त्या ज्येष्ठ वकिलांना हात जोडून सांगणे आहे: ज्युनिअरला घेतानाच रक्कम ठरवा, आणि येत्या एक तारखेपासून ती द्यायला लागा.