रोजचे वचन एकट्याचे नाही

वसईपासून अहिल्यानगरपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत सकाळी मोबाइलवर जी वचने येतात, त्यांत यिर्मयाच्या 29व्या अध्यायातले अकरावे वचन फार लाडके आहे. परमेश्वराचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. परीक्षेला, मुलाखतीला, व्हिसाच्या अर्जाला ते हमखास धाडले जाते. मुळात मात्र ते बाबेलात पाडाव करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे. त्याच्या आधीच्याच वचनात सुटकेला 70 वर्षे लागतील असे बजावले आहे, आणि त्याच्याही आधी, ज्या परक्या नगरात तुम्हाला नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, अशी आज्ञा आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती सुटका दिसणार नव्हती. आशा एका समाजाला दिली होती, आणि तिच्यासोबत एक कामही. मोबाइलवरच्या संदेशात ते काम गळून पडते आणि ‘तुझे भले होईल’ एवढेच उरते. देवाचे सान्निध्य म्हणजे माझ्या मनाला मिळणारा दिलासा, ही समजूत अशाने रोज थोडी थोडी पक्की होते. म्हणून या सवयीकडे निरुपद्रवी म्हणून काणाडोळा करणे मला योग्य वाटत नाही.

सकाळ-संध्याकाळचे ईशस्मरण ख्रिस्ती लोकांना यहुदी उपासनेतून मिळाले. सहाव्या शतकात बेनेडिक्टच्या नियमाने मठातले प्रहर स्तोत्रांशी बांधले. लूथरने 1529च्या लघु प्रश्नोत्तरीत सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना घरी शिकवायला दिल्या. इथवर फारसा वाद नाही. गैरसमज आहे तो पुढच्या वळणाविषयी. अठराव्या शतकात भक्ती मंडळीतून निघून व्यक्तीच्या अंतःकरणात शिरली आणि रोजचे वचन हे त्या खासगी भक्तीचे अपत्य, असे सर्रास सांगितले जाते. हर्नहुटचा इतिहास नेमके उलटे सांगतो.

सॅक्सनीत काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर 1722पासून मोरावियातले निर्वासित वस्ती करू लागले; हेच हर्नहुट. वेगवेगळ्या परंपरांतले लोक एकत्र आले आणि लवकरच धर्ममतांवरून इतके भांडले की वस्ती फुटायची वेळ आली. 1727च्या मे महिन्यात त्यांनी सहजीवनाचे नियम मान्य केले, आणि 13 ऑगस्टला एकत्र प्रभुभोजन घेताना त्यांचा समेट झाला. रोजच्या वचनाची प्रथा या समेटानंतर वर्षभरात, मे 1728मध्ये सुरू झाली. संध्याकाळच्या उपासनेत झिंझेनडॉर्फने दुसऱ्या दिवसासाठी बोधवाक्य दिले आणि सकाळी मंडळीतल्या बांधवांनी ते वस्तीतल्या 32 घरांत पोहोचवले. ते नेणारा माणूस घरातल्यांशी बोलत असे, त्यांची विचारपूस करीत असे. कालपर्यंत भांडणाऱ्या घरांना आज एकच वाक्य मिळे आणि ते शेजाऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. 1731साठी वचनांचे पहिले पुस्तक छापले गेले. वचन चिठ्ठी टाकून काढण्याची तिथली रीत आजही चालू आहे. दैनिक मननाचा आधुनिक प्रवाह निघाला तो असा, समेट टिकवण्याच्या गरजेतून.

चिठ्ठीने निघालेले वचनही संदर्भापासून तुटलेलेच नाही का, असा आक्षेप येईल. तुटलेले असते, हे खरे. पण चिठ्ठीमुळे निवड वाचणाऱ्याच्या हातून जाते. आपल्याला हवे तेच वचन उचलण्याची मुभा राहत नाही, आणि त्याचा अर्थ लावायला सगळी मंडळी सोबत असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करा, असे येशूनेच सांगितले. ते ढोंग टाळण्यासाठी होते. त्याच प्रवचनात पुढे तो जी प्रार्थना शिकवतो तिच्यात क्षमा मागणाऱ्याला इतरांना केलेल्या क्षमेचा हिशेब द्यावा लागतो. दार बंद असले तरी शेजारी प्रार्थनेबाहेर राहत नाही. आणि दुःखी माणसाला दिलासा नको का? हवाच. पण आजाऱ्याला वचन धाडून त्याच्याकडे न जाणे ही प्रेमाची पळवाट आहे.

पुढे पुस्तके दूर गेली आणि घरी येणारा माणूस मागे राहिला. तरीही एकांतातल्या वाचनासाठी सर्वाधिक प्रसिद्ध झालेले, 1927चे ऑस्वल्ड चेंबर्सचे दैनिक मननाचे पुस्तक मुळात त्याची व्याख्याने आहेत. विद्यार्थ्यांपुढे आणि इजिप्तमध्ये सैनिकांपुढे तो जे बोलला ते त्याच्या पत्नीने लघुलिपीत टिपून ठेवले होते. जर्मन धर्मशास्त्रज्ञ बोनहोफर 1939च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला सुरक्षित होता. त्या दिवसांच्या त्याच्या दैनंदिनीत हर्नहुटच्या वचनांवरचे मनन आहे. ती वचने वाचत तो तिथे राहू शकला असता. तो जर्मनीतल्या आपल्या लोकांकडे परतला, आणि 1945च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फाशी दिले. रोजच्या वचनाने त्याच्यावर त्याच्या लोकांचा भार टाकला होता. आपल्या मननाची कसोटीही हीच असावी: आजच्या वचनाने मला बरे वाटले का, याआधी त्याने मला कोणाकडे पाठवले, हे विचारावे. उत्तरात कोणाचेच नाव येत नसेल, तर श्रद्धा आणि प्रेम यांची फारकत झाली आहे, आणि सान्निध्याच्या नावाखाली आपण स्वतःचीच सोबत करीत आहोत.