सांवरलेल्या टेकडीचा पहारा

गेल्या श्रावणांत कोंकणांत जाण्यासाठीं मी स्वारगेटच्या स्थानकावर बसलों होतों. पावसामुळें गाडी रखडली होती. पूर्वीं येथें स्वारांची चौकी असे, म्हणून ह्या भागास हें नांव मिळालें अशी एक समजूत आहे. ती खरी असो वा नसो, त्या रात्रीं मला तिची आठवण झाली. कारण शेजारीं बसलेले वृद्ध गृहस्थ आयुष्यभर पहाऱ्याचेंच काम करून निवृत्त झालेले निघाले. मात्र त्यांचा पहारा माणसांवर नव्हता, मातीवर होता.

दक्षिण कोंकणांतील एका लोखंडाच्या खाणीवर ते मोजणीदार होते. खनिज काढतांना वरची निरुपयोगी माती व दगड बाजूस रचतात, आणि कालांतरानें त्यांचीच टेकडी होते. खाण संपली म्हणजे त्या टेकडीस पायऱ्या पाडतात, पाणी वाहून नेण्यास चर खणतात, गवत आणि झाडें लावतात. चार पावसाळ्यांत सारें हिरवें दिसूं लागतें, आणि पाहुण्यांना तें कौतुकानें दाखविलें जातें. ह्यापुढचें काम ह्या गृहस्थांचें. उतारावर लोखंडी खुंट्या ठोकलेल्या असत. पावसाळा सरला कीं प्रत्येक खुंटी किती उघडी पडली तें मोजावयाचें, म्हणजे माती किती धुपली तें कळे. माथ्यावर भेग दिसली तर तिच्या दोहों बाजूंस खुंट रोवून मधलें अंतर पुनःपुन्हां घ्यावयाचें. जमिनींत उतरविलेल्या नळ्यांतून पाण्याची पातळी पाहावयाची. कारण मातीच्या कणांमध्यें पाण्याचा दाब वाढला कीं त्यांची एकमेकांवरील पकड ढिली होते. भेग संथपणें रुंदावत असेल तर लक्ष ठेवावें. पण रुंदावण्याचा वेगच वाढूं लागला तर खालचीं माणसें हलवावीं. झाडांचीं मुळें वरची हात-दोन हात माती धरून ठेवतात; त्याखालीं खोलवर घसरणाऱ्या थरापुढें त्यांचें कांहीं चालत नाहीं. तेव्हां हिरवळीची साक्ष कितपत मानावी हें वाचकांनींच ठरवावें.

"बारा वर्षें मीं मोजलें," ते म्हणाले, "आणि बारा वर्षांत कांहींच झालें नाहीं. शेवटीं कचेरींतून विचारणा झाली, कीं कांहीं होतच नाहीं तर तुम्हांला पगार कशाचा द्यायचा?"

मला हंसूं आलें. पण लगेच ध्यानांत आलें कीं प्रश्न हंसण्यासारखा नाहीं. जें घडलें नाहीं त्याचें श्रेय कोणास द्यावें? वैद्यानें रोग बरा केला तर तो दिसतो. पहारेकऱ्याचें यश म्हणजे केवळ एक रिकामी रात्र. आमच्या जुन्या गांवगाड्याला ही अडचण ठाऊक होती. चोरी न झालेल्या वर्षींही जागल्याला त्याच्या वांट्याचें धान्य मिळे. आणि चोरी झालीच, तर माग काढून तो दुसऱ्या गांवाच्या शिवेपर्यंत पोंचविणें, नाहींतर नुकसान भरून देणें रामोशाकडे येई. ती व्यवस्था न्याय्य होती असें मी मुळींच म्हणत नाहीं; जन्मानें डोक्यावर आलेलें तें ओझें होतें. पण पाहणें आणि जबाबदार असणें ह्यांची गांठ तींत सुटलेली नव्हती. हल्लीं ती सुटते. २००९ सालीं केंद्रीय कोळसा मंत्रालयानें खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठीं निराळ्या खात्यांत पैसा ठेवणें आवश्यक केलें, हें चांगलेंच झालें. परंतु आराखड्याला शेवटचें पान असतें, उताराला नसतें.

ह्यावर एक आक्षेप आहे, आणि तो मला क्षुल्लक वाटत नाहीं. कोणत्याही मनुष्यास किंवा मंडळीस प्रलयापर्यंत बांधून ठेवतां येत नाहीं. शिवाय डोंगर तर देवाचेही कोसळतात. ३० जुलै २०१४ रोजीं आमच्याच पुणें जिल्ह्यांत माळीण गांवावर डोंगर आला, दीडशेंहून अधिक माणसें गेलीं, आणि गांव दिसेनासें झाल्याची वार्ता एस्. टी.च्या चालकामुळें बाहेर कळली. मग मनुष्यानें रचलेल्या ढिगालाच निराळा न्याय कां? मला वाटतें, निसर्गाच्या डोंगरानें हजारों पावसाळे सोसलेले असतात. तो उभा आहे हाच त्याच्या बाजूचा पुरावा, आणि तो पुरावाही कधीं खोटा ठरतो. ढिगाजवळ तेवढाही पुरावा नसतो. त्याचें वय दहा-वीस पावसाळ्यांचें, आणि त्याला जन्म देणारे आपण. पहारा पुढें विरळ करतां येईल. तो संपला असें म्हणण्याचा अधिकार मात्र ढीग रचणाऱ्याकडे असूं नये.

तरी नुसत्या पाहण्यानेंही भागत नाहीं. वेल्समधील अॅबरफॅन येथें २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं कोळशाच्या खाणींतील टाकाऊ मालाचा ढीग घसरून शाळेवर आला. १४४ जीव गेले. त्यांत ११६ मुलें होतीं. तो ढीग झऱ्यावर रचलेला होता. १९६३ सालीं तो एकदां घसरलाही होता. तेथील नगरसभेच्या अभियंत्यानें पत्रें लिहिलीं होतीं, आणि मुलांच्या आयांनीं शाळेंत येणाऱ्या पाण्याविषयीं अर्ज दिला होता. म्हणजे पाहणारे होते. ज्यांचे शब्द ऐकून काम थांबेल असे मात्र ते नव्हते. चौकशींत दोष खाणीचा कारभार पाहणाऱ्या कोळसा मंडळावर ठेवला गेला, पण कोणावरही खटला झाला नाहीं. इतकेंच नव्हे, तर उरलेले ढीग हलविण्यासाठीं लोकांनीं आपद्ग्रस्तांकरितां दिलेल्या निधींतून दीड लाख पौंड घेण्यांत आले. ते १९९७ मध्यें परत केले, तेही बिनव्याजी. मला माहीत नव्हतें, असें म्हणून मनुष्य बहुधा सुटतो. परंतु माहीत करून घेणें हेंच ज्यानें पत्करलेलें असतें, त्याचें अज्ञान हाच त्याचा अपराध नव्हे काय?

दूर कशाला जावें? दोडामार्ग तालुक्यांतील कळणें येथें २०२१ च्या जुलैंत खाणीच्या खड्ड्याची एक बाजू फुटून सांचलेलें पाणी चिखलासह खालच्या घरांत व बागांत शिरलें. हें नांव मीं घेतलें तेव्हां गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग पिशवींतून त्यांनीं एक वही काढली. त्यांच्या खाणीचा पट्टा संपला आहे, कचेरी बंद झाली आहे. तरी गांवीं जाणें होतें तेव्हां ते टेकडीवर जाऊन येतात. माथ्यावरील एका भेगेचे आंकडे त्यांनीं मला दाखविले. मागच्या दिवाळीनंतरचा आंकडा आणि ह्या ज्येष्ठांतला, ह्यांत दोन बोटांचें अंतर पडलें होतें.

"जिल्हाधिकाऱ्यांना कळवा," मी म्हणालों.

"कळविलें. त्यांनीं विचारलें आहे, कीं आपण कोणत्या अधिकारानें मोजतां?"

इतक्यांत त्यांची गाडी लागली. वही तेलकागदांत गुंडाळून त्यांनीं पिशवींत ठेवली आणि ते पावसांत उठून गेले.