तात्पुरते असत्य

कुंभकोणमहून तंजावरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे एक लहानसे स्थानक आहे. कोयिल म्हणजे देऊळ. विष्णूच्या देवळाने गावाला नाव दिले आणि गावाने स्थानकाला. भोवती कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातशेती. मराठी वाचकाला हा प्रदेश अगदीच परका नाही. तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. कारभारात शिरण्यापूर्वी त्यांनी मद्रासेत काही काळ गणित शिकवले होते, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात नसते. गणिताच्या संदर्भात या परिसराचे नाव निघते ते दुसऱ्याच एका मुलामुळे. कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमध्ये १८९८ साली दाखल झालेल्या श्रीनिवास रामानुजन याच्याविषयी एक कथा सांगितली जाते, आणि तिच्यात गणित शिकवण्याचा सबंध नैतिक पेच सामावलेला आहे.

शिक्षक भागाकार शिकवीत होते. तीन फळे तीन मुलांत वाटली तर प्रत्येकाला एक. हजार फळे हजार मुलांत वाटली तरीही एक. तेव्हा कोणत्याही संख्येला तिनेच भागले असता उत्तर एक येते. मुलाने विचारले, शून्याला शून्याने भागले तरी एकच का? एकही फळ नाही आणि घेणाराही कुणी नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक फळ येणार का? कथेच्या काही रूपांत शिक्षक उत्तर देतात, काहींत कथा प्रश्नावरच थांबते. घटना नेमकी अशीच घडली की नाही हा चरित्रकारांचा विषय. तसा प्रश्न मात्र कोणत्याही वर्गात, कोणत्याही दिवशी उभा राहू शकतो.

हा प्रश्न पोरकट नव्हे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त शून्याच्या गणिताचे नियम प्रथमच पद्धतशीर मांडले, आणि त्यांत शून्याला शून्याने भागले असता शून्य येते असे सांगितले. ते आज कुणी मान्य करीत नाही. भागाकार म्हणजे भाजकाला कशाने गुणले असता भाज्य मिळते याचा शोध. सहाला दोनाने भागायचे म्हणजे दोनाला ज्याने गुणले असता सहा होतात ती संख्या शोधायची. शून्याला मात्र कशानेही गुणा, शून्यच होते. म्हणजे पाचही चालतील, सतराही चालतील. उत्तर नाही असे नव्हे, उत्तरे इतकी आहेत की त्यांतले कोणतेही एक निवडण्यास कारण उरत नाही. म्हणून गणिताने ही क्रियाच वर्ज्य केली. एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. अडचण वेळेची नाही. शिक्षकाने क्षणापूर्वी ‘कोणत्याही संख्येला’ असे म्हटले होते, आणि ते खरे नव्हते.

शाळेतले गणित अशा वाक्यांनी भरलेले असते. पहिली-दुसरीत सांगितले जाते, लहान संख्येतून मोठी वजा होत नाही. सहावी-सातवीत ऋण संख्या येतात आणि ती होते. गुणले की वाढते, भागले की घटते, हे चौथीपर्यंत चालते. मग अपूर्णांक येतो आणि अर्ध्याने गुणले की घटते. ऋण संख्येला वर्गमूळ नसते हे दहावीपर्यंत ठाम असते, पुढे काल्पनिक संख्या तेही मोडून टाकते. मुलाच्या बाजूने पाहिले तर हा अनुभव विलक्षण आहे. जो विषय सर्वांत निश्चित म्हणून त्याच्यापुढे ठेवला जातो, तोच दर दोन-तीन वर्षांनी आपला शब्द फिरवतो. इतिहासाच्या शिक्षकाने असे केले तर पालक तक्रार घेऊन येतील.

याला असत्य म्हणावे का? शिक्षकाच्या बाजूने असे म्हणता येईल की सात वर्षांच्या मुलापुढे संख्यांचे सगळे विश्व एकदम उघडणे म्हणजे त्याला बुडवणे होय. हे खरे आहे. पण न सांगणे आणि चुकीचे सांगणे यांत फरक आहे. ‘लहानातून मोठी वजा होत नाही’ आणि ‘आपल्याजवळ आज ज्या संख्या आहेत त्यांत ही वजाबाकी होत नाही’ या दोन वाक्यांत अंतर आहे ते चार-सहा शब्दांचे. पहिले वाक्य दार बंद करते. दुसरे दार लोटून ठेवते आणि ते तिथे आहे हे मुलाला कळू देते. बहुतेक शिक्षक पहिले वाक्य बोलतात ते कपटाने नव्हे. त्यांनाही ते तसेच सांगितले गेले होते.

खरी कसोटी ऋण संख्यांच्या गुणाकाराची. उणे गुणिले उणे बरोबर अधिक. आपल्या भाषेत या संख्यांची नावेच ऋण आणि धन. ब्रह्मगुप्ताने त्यांच्या नियमांत वापरलेलेच हे शब्द. कर्ज आणि मालमत्ता यांची उपमा बेरजेपर्यंत चोख चालते. दोन कर्जे एकत्र केली की मोठे कर्ज होते, हे शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही. पण कर्जाला कर्जाने गुणले की संपत्ती होते, हे कोणत्या सावकाराच्या वहीत घडते? मूल इथे अडखळते आणि त्याचे अडखळणे रास्त असते. तेव्हा शिक्षकापुढे तीन वाटा असतात. नियम पाठ करून घ्यावा. किंवा पाढा उलटा चालवावा: तीन गुणिले उणे दोन म्हणजे उणे सहा, दोन गुणिले उणे दोन म्हणजे उणे चार, एकाचे उणे दोन, शून्याचे शून्य, दर पायरीला दोन वाढतात, तर पुढची पायरी, उणे एक गुणिले उणे दोन, अधिक दोनच असणार. मुलांना हे पटते. पण हा पुरावा नाही, रांग मोडू नये ही इच्छा आहे.

तिसरी वाट ही इच्छाच उघड सांगण्याची. बेरजेला गुणले काय किंवा तिच्या प्रत्येक भागाला गुणून मग बेरीज केली काय, उत्तर एकच येते, हा नियम जुन्या संख्यांना लागू होता. तो नव्यांनाही लागू राहावा असे आपण ठरवतो. उणे एकाला ‘एक अधिक उणे एक’ याने गुणले तर शून्य आले पाहिजे, कारण कंसात शून्यच आहे. त्यातला पहिला भाग उणे एक देतो. तर दुसऱ्या भागाने, उणे एक गुणिले उणे एक याने, अधिक एक द्यायलाच हवा. नाहीतर नियम सोडावा लागेल. इथे मुलाच्या हाती नुसते उत्तर पडत नाही. गणितात काही गोष्टी सापडतात आणि काही ठरवल्या जातात, आणि ठरवलेल्या गोष्टींनाही कारणे असतात, हे त्याला कळते. तेरा वर्षांच्या मुलाला हे कळत नाही असे समजणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मात्र पाठांतराला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकीच्या उजळण्या ओरडून म्हणणाऱ्या मराठी मुलांच्या पिढ्या बाजारात कधी फसल्या नाहीत. तमिळ देशातल्या ओसरीवरच्या शाळांत ‘एण्सुवडी’ अशीच घोकली जाई, आणि त्यांचे मुंदिरी हे परिमाण एकाचा तीनशे विसावा भाग होते. रामानुजनलाही १९०३ च्या सुमारास जे पुस्तक मिळाले ते कार या इंग्रज शिकवणी-शिक्षकाचे, काही हजार प्रमेये ओळीने मांडलेले, सिद्धता जवळजवळ नसलेले. घोकंपट्टीसाठीच ते रचले होते. त्या मुलाने प्रत्येक ओळ स्वतः सिद्ध करायला घेतली. म्हणजे उणीव पुस्तकात होती आणि तीच त्याच्या कामी आली. यावरून सिद्धता शिकवूच नये असा निष्कर्ष कुणी काढील तर तो शंभरांतल्या एकासाठी नव्व्याण्णवांना वाऱ्यावर सोडील.

पुढे १९१४ साली केंब्रिजला हाच पेच हार्डीपुढे आला. या माणसाला सिद्धतेची शिस्त शिकवावी, तर त्याची प्रेरणा आटेल; न शिकवावी, तर त्याचे काही निष्कर्ष चुकीचेच राहतील. हार्डीने थोडे शिकवले, पुष्कळ तसेच राहू दिले, आणि आपणच त्याच्याकडून अधिक शिकलो असे नंतर नमूद केले. हार्डीपुढे एक विद्यार्थी होता आणि वर्षे होती. माध्यमिक शाळेच्या शिक्षकापुढे चाळीस-पन्नास मुले, जून ते एप्रिल एवढा काळ आणि शेवटी परीक्षा असते.

याच मर्यादेत देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे द. रा. कापरेकर आठवतात. वेगवेगळे अंक असलेली चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी, आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करावे. ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आणि ६१७४ पासून पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचावेच लागते. ही वजाबाकी हातच्याची, प्राथमिक शाळेतली. भारतात अनेकांनी हे करमणुकीचे गणित म्हणून हसण्यावारी नेले. १९७५ साली मार्टिन गार्डनरने लिहिल्यावर जगाने दखल घेतली. पण ज्याला वजाबाकी येते त्या कोणत्याही मुलाला ते वहीवर पडताळता येते, शिक्षकाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. उत्तर चुकले तर तेही त्याचे त्यालाच कळते.

टाउन हायस्कूलमधून रामानुजन १९०४ मध्ये बाहेर पडला तेव्हा गणिताचे रंगनाथराव पारितोषिक त्याला मिळाले, आणि पूर्ण गुणांपेक्षाही अधिक गुण याला द्यायला हवेत असे मुख्याध्यापक म्हणाले. त्या शाळेत तेव्हा बाराशेच्या आसपास मुले होती. त्यांचे आणि पस्तीस शिक्षकांचे वेळापत्रक जुळवण्याचे काम गणिताच्या शिक्षकांनी रामानुजनकडेच सोपवले होते. फळांच्या वाटणीचा तो तास सुरू असताना त्याच्या शेजारच्या बाकावर जो मुलगा बसला होता, ज्याने ‘कोणत्याही संख्येला’ हे शब्द वहीत उतरवले आणि हात वर केला नाही, त्याची वही कुणी जपून ठेवलेली नाही.